नववा रकाना

वॉर्डाची पाटी कानडीत, फॉर्म इंग्रजीत,
आणि दुखणं मराठीत.
मी मधला माणूस. मोनाप्पा निलजकर.
दोन वर्षांपूर्वी याच खोलीत
खिडकीजवळच्या कॉटवर होतो.
आता गळ्यात बिल्ला आहे: सोबती.
पगार थोडा, किल्ली एकच,
तीही चहाच्या कपाटाची.

फॉर्मात नवा रकाना आलाय, नववा.
त्याचं मराठी मी तीनदा केलं.
'रुग्णाची स्वतःची उद्दिष्टे', खोडलं.
'तुम्हाला आयुष्यात काय साध्य करायचे आहे',
हे तर निरोप समारंभातलं भाषण झालं.
शिवलीला सिस्टर म्हणाली, एवढं काय त्यात,
विचार की, एन बेक्री?
काय पाहिजे?
शहापूरच्या पेठेत कापडवाला विचारतो तसं,
ठाण उलगडायच्या आधी.

सुभेदार लुमाण्णा पावशे, गाव बेकिनकेरे.
बावीस वर्षं त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं.
पलटणीत हुकूम होता,
घरी आल्यावर जेवा, झोपा, ओरडू नका, पोरं भितात,
इथे गोळी, तोंड उघडा, जीभ वर करा.
एन बेक्री?
ते माझ्याकडे बघत राहिले,
जणू हजेरीत मी त्यांचा नंबर चुकवला.

अठरा दिवस रकाना कोरा.
मी रोज विचारायचो, मग नुसता बसायचो.
मला स्वतःला एकतीस दिवस लागले होते,
आणि उत्तर काय, तर
चहाबरोबर खारी.

एकोणिसाव्या दिवशी कॅम्पात धुकं होतं,
निलगिरी कमरेपासून वर दिसत नव्हती.
ते म्हणाले, दाढी.
माझी मी.

इथे दर गुरुवारी न्हावी येतो.
बाकावर ओळीनं बसायचं, हनुवटी वर,
अकरा माणसं, एक ब्रश.
पात्याला हात लावायचा नाही.
हा नियम काही मनगटांमुळे झालाय.
त्यातलं एक माझं.

बैठक झाली. डॉक्टर नदाफ कागदावर
रेघा ओढत राहिले.
सिस्टरनं विचारलं, काही झालं तर सही कुणाची?
पंखा तेवढा बोलत होता.
मग तीच म्हणाली, चिडून,
खिडकीकडे तोंड करून,
माझी घाला.

शनिवार, सकाळचे सात.
वाटीत गरम पाणी, भिंतीत पत्र्याचा आरसा,
काच नाही, त्यामुळे माणूस जरा वाकडाच दिसतो.
दार उघडं. मी चौकटीला टेकून.
बघायचं, पण बघतोय हे कळू द्यायचं नाही,
गस्तीवर शिकलेलं इथे कामाला आलं.
त्यांनी साबण कानाच्या पाळीपर्यंत नेला.
पहिला हात डावीकडून, वरून खाली,
सुक्या पेंढीवर तळवा फिरवल्यासारखा आवाज.
मग बोटं थरथरली.
हनुवटीखाली कापलं. एक थेंब, मग दुसरा.
माझ्यामागे सिस्टरचा श्वास थांबला
तो मला ऐकू आला.
आरशातूनच ते म्हणाले,
"तुरटी हाय काय रे?"

तुरटी नव्हती.
एवढ्या बैठकीत तुरटी कुणाला सुचली नव्हती.
सिस्टर स्वयंपाकघराकडे पळाली,
पिंपातलं पाणी निवळायला ठेवलेला खडा
पदराला पुसत घेऊन आली.

त्या रात्री ते पुन्हा ओरडले. दोनदा.
कॉटखाली शिरले. मीही फरशीवर बसलो.
कुणाकुणाची नावं घेत होते,
मी मोजली नाहीत.

रविवारी गावाहून शेवंताबाईंचा फोन.
बरे झाले काय हो?
या प्रश्नाला माझ्याकडे रकाना नाही.
म्हटलं, वैनी, त्यांनी दाढी केली.
स्वतःच्या हातानं.
पलीकडे म्हैस हंबरली,
बराच वेळ नुसती म्हैसच.
मग त्या म्हणाल्या,
मिशी ठेवलीया न्हवं?